तीन पहिल्या तक्रारी

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीमागे ज्या माणसाने उभी हयात काढली, त्याला ऑफिसात सगळे ‘तिसरी घंटा’ म्हणत. तिसरी घंटा झाल्याशिवाय नाटकाचा पडदा वर जात नाही, तसा तिसरी तक्रार आल्याशिवाय यांचा माणूस पाना घेऊन बाहेर पडत नसे. नाव ठेवणाऱ्यांनी ते चेष्टेनं ठेवलं होतं. ज्याला ठेवलं त्याला मात्र ते एखाद्या पदवीसारखं वाटायचं, आणि निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात त्याचा उल्लेख केला तेव्हा या गृहस्थांनी कॉलर नीट केली होती.

त्यांचं म्हणणं साधं होतं. पहिली तक्रार माणूस रागाच्या भरात करतो, दुसरी सवयीनं करतो, तिसरी मात्र खरोखर नड असेल तरच करतो. निम्म्याहून अधिक तक्रारी पहिल्या पायरीवरच शांत होतात. कुणाचा नळ आपोआप सुरू होतो, कुणी वैतागून स्वतःच प्लंबर गाठतो, तर कुणी घरच बदलतो. तेव्हा तक्रार जरा मुरू द्यावी. यासाठी लागणारी सगळी कला त्यांच्या अंगात होती. खिडकीशी माणूस आला की ते मान किंचित कलती करत, पेन उचलत, सावकाश टोपण काढत आणि म्हणत, “हं, बोला.” लिहीत काहीच नसत. पण टोपण निघालेलं पाहूनच समोरच्याचा निम्मा राग उतरलेला असे.

दुसरं एक हत्यार होतं, ते ‘खातं वेगळं’ हे. नळाला पाणी कमी येतंय ही लाइनवाल्यांची तक्रार, भिंतीला ओल आलीय ही बांधकामवाल्यांची, पाणी गढूळ येतंय ही शुद्धीकरणवाल्यांची. एकदा एकाच गल्लीतून या तिन्ही तक्रारी एकाच आठवड्यात आल्या. त्यांनी तिन्ही ज्याच्या त्याच्या खात्याकडे धाडल्या आणि तिथे प्रत्येकीची गणना ‘पहिली’ अशी होऊन त्या निवांत पडून राहिल्या. मग एक दिवस गल्लीतला रस्ता खचला आणि पाहणीला आलेल्या इंजिनियरसाहेबांच्या जीपची पुढची दोन्ही चाकं खड्ड्यात गेली. खाली मोठी पाइपलाइन फुटलेली निघाली. ही गोष्ट ते चार माणसं जमली की सांगत, आणि फार रंगवून सांगत. जीप नाकावर कशी बसली, साहेब मागच्या दारातून कसे उतरले. गोष्टीचं तात्पर्य त्यांच्या मते एवढंच होतं, की इंजिनियर लोकांना गाडी कुठे लावावी हे कळत नाही. त्यांच्या बायकोनं ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती, की हशा कुठे येणार आणि त्यासाठी हे कुठे थांबणार हे ती स्वयंपाकघरात बसूनही सांगू शकली असती.

बाई मोठी शांत. घरातही तिसऱ्या घंटेचाच कायदा चाले हे तिनं लग्नानंतर लवकरच ओळखलं होतं. ओट्याजवळचा नळ गळायला लागला तेव्हा तिनं एकदा सांगितलं, मग काही दिवसांनी आणखी एकदा सांगितलं, आणि नंतर नळाखाली एक वाडगा ठेवून दिला. तिसऱ्यांदा सांगायचं नाही हे तिनं मनाशी ठरवलं होतं. का, ते तिला कुणी विचारलं नाही. वाडगा भरला की ती तो कुंडीत रिकामा करी आणि परत जागेवर ठेवी. पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाच्या घरात वर्षानुवर्षं टप टप चाललेलं असे, आणि त्या तालावर ते दुपारची वामकुक्षी घेत.

अशा माणसाला मोतीबिंदू झाला तर तोही तिसऱ्या घंटेशिवाय कसा निघणार? पहिल्यांदा वर्तमानपत्र धूसर दिसू लागलं. त्यांनी छपाईला नावं ठेवली. मग एक दिवस चहा कपाच्या शेजारी ओतला. त्यांनी कपाला नावं ठेवली. शेवटी एका संध्याकाळी दाराजवळच्या खुंटीवर टांगलेल्या कोटाला ते अगदी अगत्यानं म्हणाले, “या, या. बसा ना, उभे का?” बायको हसली नाही. तिनं कोट काढून कपाटात ठेवला आणि डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचा मोतीबिंदू उजव्या डोळ्यात होता, आणि बघायचं सगळं काम तोच डोळा करायचा. डावा कॉलेजात असतानाच चेंडू लागून गेला होता. दिवस आहे की रात्र, एवढंच त्याला कळायचं. म्हणजे ऑपरेशन एकुलत्या एक डोळ्याचं होतं. मुलगी परगावी असते, तिनं फोनवर चार वेळा बजावलं, की बाबा, काही कमीजास्त वाटलं तर लगेच सांगायचं, थांबायचं नाही. त्यांनी तिला समजावलं, की एवढे महिने थांबलो तरी मोतीबिंदूनं काय वाकडं केलं? ते खरंही होतं. मोतीबिंदू थांबला होता, कारण मोतीबिंदूला थांबता येतं. पण त्याचं श्रेय यांनी आपल्या पद्धतीला देऊन टाकलं.

ऑपरेशन सकाळी झालं आणि झकास झालं. आडवं पडून वर उजेडाकडे बघत राहायचं, बस्स. डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या, बोलायला गोड. दुपारच्या आत डोळ्यावर भोकंभोकं असलेली पारदर्शक ढाल चिकटवून त्यांना घरी सोडलं. निघताना सिस्टरनं बायकोला थेंबांची बाटली दिली आणि दोघांना उभं करून सांगितलं, की आज टोचल्यासारखं होईल, ते चालेल. पण डोळा किंवा डोकं जोरात दुखलं, उलटी झाली, दिसायचं कमी झालं, तर लगेच यायचं. ‘लगेच’ या शब्दावर सिस्टरनं जोर दिला. त्यांनी मान डोलावली. ‘त्वरित संपर्क साधा’ असं त्यांच्या खिडकीवरही रंगवलेलं होतं, आणि संपर्क साधणाऱ्यांचं पुढे काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

घरी आल्यावर त्यांनी ढालीच्या भोकांतून जग पाहिलं आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. भिंतीचा रंग पिवळा नव्हता, पांढरा होता. कॅलेंडरवरच्या तारखांखालची बारीक अक्षरं त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्यानं वाचून दाखवली. मग बायकोकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, की तुझे केस एवढे पिकले कधी? ती म्हणाली, “तुम्ही कोटाशी गप्पा मारत होतात तेव्हा.”

दुपार कलली तसं उजव्या भुवईच्या वर कपाळ ठणकायला लागलं. त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. बरं वाटलं नाही, पण दाबत राहिले. डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हटल्यावर कपाळानं दुखायचं काय कारण? सकाळपासून पोटात काही नाही, वर उन्हातून आलो, डोकं धरणारच. ही डोक्याची तक्रार. पहिली. त्यांनी मनातल्या मनात पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावून टाकलं.

थोड्या वेळानं बायकोनं चहा-बिस्किटं दिली, ती जशीच्या तशी बाहेर आली. ती पाठीवरून हात फिरवत होती आणि हे मोरीच्या कठड्याला धरून तिला सांगत होते, की दूध नासकं असेल. तिनं त्याच दुधाचा चहा घेतला होता. ती म्हणाली, “इतकी वर्षं माझ्या हातचं पचलं, नेमकं आजच बरं नाही पचलं.” पण तिचा हात पाठीवरच थांबला होता. त्यांनी तोंड धुतलं आणि ही पोटाची तक्रार ठरवून टाकली. खातं वेगळं. म्हणजे हीदेखील पहिलीच.

ते पलंगावर आडवे झाले. आता ठणका कपाळातून डोळ्याच्या मागे उतरला होता, कुणीतरी आतून अंगठा लावून बुबुळ बाहेर ढकलत असल्यासारखा. कूस बदलली की वाढे, नाही बदलली तरी वाढे. संध्याकाळी बायकोनं दिवा लावला, तर दिव्याभोवती त्यांना इंद्रधनुष्याचं गोल कडं दिसलं. दिसायला सुंदर होतं. त्यांनी सांगितलं, की हा बल्ब गेला वाटतं, उजेड फाकतोय, उद्या बदलायला हवा. विजेची तक्रार. पहिली.

मग एक गोष्ट त्यांनी तिला न सांगता केली. मान वळवून कॅलेंडरकडे पाहिलं. दुपारची बारीक अक्षरं राहोत, पण तारखांचे मोठे आकडेही वाफेनं धुरकटलेल्या काचेतून दिसावेत तसे दिसत होते. त्यांनी डोळा मिटला, उघडला. आकडे तसेच. पण हेही बल्बच्याच खात्यात बसत होतं, आणि तिथे जागा होती, म्हणून त्यांनी ते तिथे बसवून टाकलं.

बायको दाराशी उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती. भुवईवरचा अंगठा तिनं पाहिला. तिनं विचारलं, की कपाळ कधीपासून दुखतंय? ते म्हणाले, की ते डोक्याचं आहे, त्याचा काही संबंध नाही, उद्या सकाळी तपासायला जायचंच आहे, तेव्हा बघू. ती आत जाऊन परत दाराशी आली. मग तिनं भलतंच काहीतरी विचारलं.

“अहो, तो रस्ता खचला होता ना, इंजिनियरांची जीप गेली होती, त्या गल्लीतून किती तक्रारी आल्या होत्या हो?”

तोंडपाठ गोष्ट, आपसूक जिभेवर आली. “तीन,” ते डोळा मिटूनच म्हणाले. “एक म्हणतो पाणी कमी, एक म्हणतो भिंत ओली, एक म्हणतो गढूळ. पण तिन्ही वेगवेगळ्या. आणि खाली बघतो तर…”

हशासाठी जिथे थांबायचं तिथे ते थांबले. कुणी हसलं नाही. ओट्याजवळ टप टप ऐकू येत होतं. डोळा उघडून पाहिलं तर दारातल्या धुरकट आकृतीच्या पायात चपला होत्या आणि खांद्याला पिशवी.

“पण तिन्ही पहिल्याच आहेत,” ते म्हणाले. आवाज मात्र खिडकीमागच्या माणसाचा राहिला नव्हता.

रिक्षात त्यांना पुन्हा एकदा उलटी झाली. पिशवीत जुना टॉवेल होता. बायकोनं त्याचा विचार आधीच केला होता, आणि एवढ्या एका गोष्टीवरून त्यांच्या लक्षात आलं, की ती किती घाबरली आहे.

दवाखाना बंद व्हायच्या बेतात होता. काउंटरवर सकाळचीच मुलगी होती, पर्स भरून तयार. बायकोनं सांगितलं, की आजच ऑपरेशन झालंय आणि डोळा फार दुखतोय. मुलीनं मान किंचित कलती केली. पेन उचललं. सावकाश टोपण काढलं.

“हो का काकू? पहिल्या दिवशी थोडं होतंच हं ते. उद्या सकाळी चेकअप आहेच ना, तेव्हा मॅडमना नक्की सांगा.”

एवढ्या ठणक्यातही त्यांना त्या मुलीचं कौतुक वाटलं. टोपण किती छान काढलं होतं. ‘नक्की’ शब्द कुठे टाकावा हेही तिला कळत होतं. कुणी शिकवलं असेल? आवाजात जरब नाही, नकार नाही, आणि लिहिलं तर काहीच नाही. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत. ते बायकोला म्हणालेसुद्धा, की बरोबर आहे तिचं, चल, आणि दाराकडे वळले. वळताना समोरची खुर्ची दिसली नाही, तिच्यावर आपटले.

बायको जागची हलली नाही. तिनं दोन्ही हात काउंटरवर ठेवले. ती कधीही आवाज चढवत नसे, आताही तिनं चढवला नाही.

“डोळा दुखतोय,” ती म्हणाली. “डोळा दुखतोय. डोळा दुखतोय. या तीन झाल्या. उलटीच्या तीन सांगू का आता? मग दिसत नाही त्याच्या तीन. मला घाई नाही, मी इथे असल्या माणसाजवळ जन्म काढलाय.”

मुलीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीला धरून उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं. ‘उलटी’ या शब्दावर तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. पेन टाकून ती आत पळाली. टोपण घरंगळत काउंटरवरून खाली पडलं, ते उचलायचं कुणाला सुचलं नाही.

डॉक्टरीणबाई अंगावरचा डगला काढून निघाल्या होत्या, तो तसाच हातात घेऊन आल्या. त्यांनी यांची हनुवटी यंत्रावर टेकवली, निळा उजेड डोळ्याजवळ आणला आणि पाहता पाहता बोलायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, की काका, डोळ्याच्या आतलं प्रेशर साधारण विशीच्या आत असायला हवं, तुमचं पन्नाशीला टेकलंय. डोळ्यात आतल्या आत पाणी तयार होतं आणि एका बारीक जाळीतून निचरा होत असतो. ऑपरेशन करताना आत जागा राहावी म्हणून एक घट्टसर जेल घालतो. ती शेवटी धुऊन काढतो, पण कधी थोडी मागे राहते. जाळी तुंबते. पाणी तयार होतच राहतं, जायला वाट नाही.

आयुष्यभर लोक त्यांच्याकडे प्रेशर कमी म्हणून ओरडत आले होते. जास्त आहे असं सांगणारी ही पहिलीच तक्रार. त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, की पण कपाळ दुखत होतं, मग उलटी झाली, मग दिव्याभोवती कडं…

“तिन्ही एकाच गोष्टीमुळे,” बाई म्हणाल्या. “ही एकच तक्रार आहे, काका.”

बायको भिंतीशी टेकून उभी होती. ती छताकडे पाहत राहिली. तिनं ‘ऐकलंत ना’ असं म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

बाईंनी सुन्न करायचे थेंब घातले, सकाळच्या बारीक चिरेच्या कडेला कसल्याशा नाजूक हत्यारानं जरासं टेकवलं, आणि डोळ्यातून थेंबभर पाणी बाहेर आलं. फक्त थेंबभर. खुर्चीचे हात घट्ट धरलेले त्यांचे हात सैल झाले. बुबुळामागचा अंगठा कुणीतरी काढून घेतला होता. एवढा मोठा माणूस, आणि तो हमसून हमसून रडायला लागला. बाई म्हणाल्या, की रडू नका, डोळ्यावर ताण नको, तेव्हा त्यांनी तेही आवरलं.

मग गोळ्या झाल्या, थेंब झाले, हाताच्या शिरेतून बाटली लागली. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, असं त्यांनी विचारलंच. बाई म्हणाल्या, की कुणाच्या डोळ्याच्या नसेला रात्रभर एवढं प्रेशर झेपतं, कुणाच्या नाही. तुमच्या नसेला झेपलंही असतं. पण दुसरा डोळा नसलेल्या माणसानं ते बघायला थांबू नये. एवढं बोलून त्यांनी प्रेशर पुन्हा मोजलं. ते पार निम्म्यावर आलं होतं. बायको तेव्हा कुठे खुर्चीवर बसली.

दुसऱ्या दिवशी तपासणीला गेले तर कॅलेंडरचे आकडेच काय, पलीकडच्या भिंतीवरच्या तक्त्याची खालून दुसरी ओळही वाचता आली. काउंटरवरच्या मुलीनं स्वतःहून उठून खुर्ची दिली आणि त्यांच्यापेक्षा काकूंकडे जास्त पाहिलं. नंतर प्रेशरचे थेंब काही दिवस चालू राहिले आणि मग बंद झाले.

माणूस यातून शहाणा झाला असेल असं कुणाला वाटलं तर ते खरं नाही. तो दुसऱ्या टोकाला गेला, एवढंच. आता डोळ्यात पापणीचा केस गेला तरी ते दवाखान्यात फोन करतात. काउंटरवरची मुलगी बिचारी शांतपणे ऐकून घेते, आणि फोन ठेवताना “नक्की सांगते हं मॅडमना” म्हणते. ती टोपण काढते का, हे फोनवरून कळायला मार्ग नाही.

त्याच सुमारास एकदा ते पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी थबकले. नळाच्या तोंडाशी थेंब तयार होत होता, फुगत होता, लांबत होता, आणि आतून खिडकी दिसावी इतका स्वच्छ होऊन खाली पडत होता. खाली वाडगा. वाडग्याच्या तळाशी पाण्याच्या क्षारांचे पांढरे थर चढले होते, झाडाच्या खोडात असतात तसे, एकावर एक. ते बराच वेळ पाहत राहिले.

“हा नळ कधीपासून गळतोय गं?”

बायको भाजी चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

“नोंद तुमच्याकडे असेल,” ती म्हणाली.

ते बाहेरच्या खोलीत गेले. प्लंबरला फोन लावल्याचा आवाज तिला ऐकू आला. मग त्यांचा आवाज आला, की वॉशर गेलाय. वॉशर गेलाय. वॉशर गेलाय. पलीकडून प्लंबर काहीतरी म्हणाला असावा, कारण हे जरा ओशाळून सांगत होते, की नाही हो, लाइन चांगली आहे, एकदाच सांगितलं तरी ऐकू येतं ते ठाऊक आहे मला.

प्लंबर उद्या सकाळी बघतो म्हणाला. बायकोनं वाडगा रिकामा केला आणि परत नळाखाली ठेवला.